नाशिकहून ब्रिटनला मास्टर्ससाठी जाताना: कोणता कागद कधी काढायचा आणि गाडी कुठे अडते

ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सची तयारी सुरू झाली की घरात सगळ्यांचा जीव मार्कांत आणि आयईएलटीएसमध्ये अडकतो. गाडी अडते मात्र कागदांच्या क्रमात. प्रत्येक कागदाला मुदत असते आणि एक हातात आल्याशिवाय दुसरा निघत नाही. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, टीबीचं प्रमाणपत्र सहा महिने, कर्जाचं मंजुरीपत्र सहा महिने, बँकेचं स्टेटमेंट फक्त ३१ दिवस. घाईने काढलेला कागद शिळा होतो आणि उशिरा काढलेला पुढच्या चार कागदांना अडवून ठेवतो.

पुढचे नियम ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचे आहेत. शुल्कं आणि रकमा बहुतेक दर वर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर आकडे पुन्हा पाहा. कन्सल्टन्सीने दिलेल्या छापील पत्रकावर विसंबू नका.

सप्टेंबरपासून मागे मोजा

वर्ग सप्टेंबर २०२७ ला सुरू होणार असतील तर कामाला सप्टेंबर २०२६ ला लागायचं. पासपोर्ट आणि नावांच्या दुरुस्त्या दिवाळीच्या आत. विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर ते मार्च. आयईएलटीएस जानेवारीपर्यंत, म्हणजे गुण कमी पडले तर दुसऱ्यांदा द्यायला वेळ राहतो. कर्जाची फाइल मार्चमध्ये बँकेत. विद्यापीठाच्या फीचं डिपॉझिट मे-जून, टीबीची तपासणी जून, पैसे खात्यात दाखवायचे २८ दिवस (त्याबद्दल खाली) जून-जुलै, व्हिसाचा अर्ज जुलै. व्हिसाचा अर्ज कोर्स सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो.

शेवटच्या वर्षात असणाऱ्यांचा खरा घोळ निकालाचा. पुणे विद्यापीठाचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जुलैअखेर गेला की अनकंडिशनल, म्हणजे कुठलीही अट न उरलेली, ऑफर लांबते, तिच्यामागे सीएएस लांबतो आणि सीएएसशिवाय व्हिसाचा अर्जच भरता येत नाही. सीएएस म्हणजे विद्यापीठ तुमच्या नावाने देतं तो क्रमांक. ऑफर लेटरवर दिलेली, वर्गात पोहोचण्याची शेवटची तारीख आधीच पाहून ठेवा. ती गाठता येणार नाही असं दिसलं तर जुलैतच विद्यापीठाला मेल करून जानेवारीच्या इनटेकला प्रवेश पुढे ढकलून मागा. बरीच विद्यापीठं देतात. सप्टेंबरच्या मध्यावर मागितलं तर हॉस्टेलचे पैसे अडकलेले असतात.

नाव: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, पण आधी केली तर

दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं येतं: शिंदे रोहित भाऊसाहेब. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात शिंदे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात रोहित भाऊसाहेब. एवढा फरक चालतो, कारण तिन्ही शब्द तेच आहेत. अडचण येते ती स्पेलिंगची. मार्कशीटवर ‘भाऊसाहेब’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, वडिलांच्या बँक खात्यावर तिसऱ्या. कधी खात्यावर ‘बी. के. शिंदे’ एवढंच. वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवताना तुमच्या जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव आणि खात्यावरचं नाव एकाच माणसाचं आहे, हे व्हिसा अधिकाऱ्याला कागदावरूनच कळायला हवं. तो फोन करून विचारत बसत नाही.

म्हणून पहिल्याच रविवारी पाच कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडा: तुमची दहावीची मार्कशीट, जन्मदाखला, पासपोर्ट, आई-वडिलांचं आधार, आई-वडिलांच्या खात्याचं पासबुक. प्रत्येक नाव अक्षर-अक्षर जुळवा. खात्यावरचं नाव केवायसी देऊन बँकेत बदलून मिळतं, ते सगळ्यात सोपं. जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसेल तर महापालिकेत किंवा गावच्या ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यावं लागतं. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागतं, किंवा दोन्ही भाषांतला नवा दाखला काढा.

पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. तिन्ही नावं एकाच रकान्यात गेली की विमान तिकिटापासून विद्यापीठाच्या ओळखपत्रापर्यंत दर ठिकाणी खुलासे करत बसावं लागतं. ३६ पानांच्या पासपोर्टचं नेहमीचं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळला २,००० जास्त. वर्षभर आधी तयारी केली तर तत्काळची गरज पडत नाही.

मार्कांचे कागद आणि शिफारसपत्रं

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून घ्यायचं. कॉलेज स्वायत्त असेल तर ते कॉलेजच्या परीक्षा विभागातून मिळतं. निदान चार सीलबंद प्रती आणि एक स्कॅन प्रत ठेवा. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र सोबत घ्या, नाहीतर समोरचा आपल्या सूत्राने टक्के काढतो आणि ते कमी येऊ शकतात. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर ती दिसतेच आणि काही विद्यापीठं बॅकलॉगचं वेगळं पत्र मागतात.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा किंवा मॅडमचा मेल कॉलेजच्या नावाचा असावा. आपल्याकडे बरेच प्राध्यापक रोजचा पत्रव्यवहार जीमेलवरून करतात आणि तिथल्या प्रवेश विभागाला तो पत्ता खात्रीचा वाटत नाही. कॉलेजचा मेल वापरात नसेल तर आयटी विभागाकडून तो सुरू करून घ्यायला सरांना आधीच विनंती करा. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवं.

आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये बहुतेक मास्टर्सना एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नाही, अशी अट दिसते. आपली मुलं बहुधा लेखनात अर्ध्या गुणाने अडकतात. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही परीक्षा माफ करतात. पाचशे रुपयांचंही पुस्तक घेण्याआधी तुमच्या विद्यापीठाची अट वाचा.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक वेगळा टप्पा आहे आणि तो हमखास विसरला जातो. एरोस्पेस, मटेरियल्स, काही इलेक्ट्रॉनिक्स आणि तत्सम विषयांना एटॅस नावाची परवानगी लागते. ती मोफत आहे, पण निदान ३० कामाचे दिवस घेते, म्हणजे दीड महिना. ती लागणार असेल तर ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतं. ऑफर आली की त्याच आठवड्यात अर्ज करा.

कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कन्सल्टन्सींबद्दल एवढंच सांगायचं: बहुतेकांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, म्हणून त्या तुमच्याकडून फी घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात. यात गैर काही नाही, पण ज्यांच्याशी करार आहे तीच विद्यापीठं तुमच्यापुढे ठेवली जातील हे धरून चाला. अर्जाचा मेल आयडी आणि पासवर्ड तुमचाच हवा, कन्सल्टन्सीने बनवलेला नको. आणि ‘महिनाभर खात्यात पैसे ठेवून देतो, नंतर काढून घेतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. खोट्या कागदावर अर्ज पकडला गेला की फसवणुकीच्या कारणाने दहा वर्षं व्हिसा नाकारला जाऊ शकतो. शिक्षा त्या एजंटला होत नाही, तुम्हाला होते.

पैसे दाखवण्याचे २८ दिवस

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

दाखवायची रक्कम दोन भागांची असते. पहिला भाग पहिल्या वर्षाची उरलेली फी, जेवढी सीएएसवर बाकी दाखवली असेल तेवढी. दुसरा भाग राहण्या-खाण्याचा. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड आहे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड आणि लंडनमध्ये १३,७६१ पौंड.

समजा कोर्सची फी १८,००० पौंड आहे आणि ५,००० पौंड डिपॉझिट भरलं. बाकी १३,०००. त्यात १०,५३९ मिळवले की २३,५३९ पौंड. पौंड १२० रुपये धरला तर २८ लाख २५ हजारांच्या आसपास. पण अर्जाच्या दिवशी जो दर असेल तो लागतो आणि तो तुमच्या बँकेच्या बोर्डावरचा नसतो. त्यामुळे वर निदान पाच टक्के मोकळे ठेवा, म्हणजे या उदाहरणात तीस लाख.

ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. सलग म्हणजे रोज. सरासरी चालत नाही. एकोणिसाव्या दिवशी वडिलांचा एसआयपीचा हप्ता कापला गेला आणि शिल्लक हव्या त्या रकमेपेक्षा दोनशे रुपयांनी खाली आली, तर मोजणी पुन्हा एकपासून. लॉकरचं भाडं, विम्याचा हप्ता, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता, सगळे ऑटो-डेबिट आधी दुसऱ्या खात्याला जोडून घ्या.

तारीख अशी बसते. स्टेटमेंट १० जुलैला संपत असेल तर १३ जून ते १० जुलै हे २८ दिवस. अर्जाचा दिवस या स्टेटमेंटच्या शेवटच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत हवा, आणि अर्जाचा दिवस म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. व्हीएफएसला, म्हणजे व्हिसा अर्जाच्या केंद्रावर, बोटांचे ठसे द्यायला गेलात तो दिवस धरत नाहीत.

खातं तुमचं किंवा आई-वडिलांचं हवं. काका, मामा, सख्खा मोठा भाऊ, कोणीही मदत करणार असेल तर पैसे तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात आणून मग २८ दिवस मोजायचे. आई-वडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. शेअर, म्युच्युअल फंड, पीपीएफ, सोनं यांतलं काहीही मोजत नाहीत. बँकेतली एफडी चालते, मात्र ती केव्हाही मोडता येते हे कागदावर दिसलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात बरीच घरं पैसा पतसंस्थेत ठेवतात, कारण व्याज बरं मिळतं आणि माणसं ओळखीची असतात. पण पतसंस्था ही बँक नाही. ती सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. व्हिसासाठी पैसा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणातल्या बँकेतच असू द्या. पतसंस्थेतली ठेव मोडून, बँकेत वर्ग होऊन, मग २८ दिवस, असा सगळा हिशेब धरला तर हे काम मेमध्येच व्हायला हवं.

निफाड, दिंडोरीच्या बागायतदार घरांना आणखी एक सांगायचं. द्राक्षाचा पैसा मार्च ते मे असा तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि त्यातला काही रोखीत असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदम पंधरा लाख रोख भरले की हा पैसा आला कुठून, हा प्रश्न उभा राहतो. व्यापाऱ्याकडून शक्यतो आरटीजीएसने घ्या, आणि प्रत्येक व्यवहाराची हिशोबपट्टी जपून ठेवा. सातबारा, पीकपेरा आणि हिशोबपट्ट्या एका फाइलमध्ये असल्या की विद्यापीठाच्या मुलाखतीत ‘वडील काय करतात, पैसा कुठून आला’ याला सरळ उत्तर देता येतं. ‘शेती’ एवढ्या एका शब्दाने समोरच्याचं समाधान होत नाही. किती एकर, कोणतं पीक, वर्षाला साधारण किती, हे तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

कर्ज: जमीन आहे, तरी तारण नाही

शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर व्हिसासाठी पैसे दाखवले तर २८ दिवसांची भानगड राहत नाही. पण ते पत्र अंतिम मंजुरीचं हवं. ‘तत्त्वतः मंजूर’ चालत नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने हवं, पालक सहकर्जदार. पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं आणि त्यात व्हिसा मिळण्याशिवाय दुसरी अट नसावी. ‘तारण नोंदणी झाल्यावर रक्कम दिली जाईल’ अशी ओळ राहिली असेल तर आधी ते तारण पूर्ण करा, मग नवं पत्र घ्या.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. इथे शेतकरी कुटुंबांचा हिरमोड होतो. रस्त्यालगत पाच एकर बाग असते, बाजारभावाने कोटीच्या घरात, आणि बँक ती घेत नाही. कारण साधं आहे: थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करायचा बँकेचा मुख्य आधार म्हणजे २००२ चा सरफेसी कायदा, आणि त्याचं कलम ३१ शेतजमिनीला त्यातून वगळतं. जी वस्तू विकता येत नाही ती बँक तारण म्हणून धरत नाही. शाखा व्यवस्थापकाशी यावरून वाद घालण्यात महिना घालवू नका.

चालतं ते हे: एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट, शहरातला फ्लॅट किंवा रो-हाऊस, एफडी. गावठाणातलं घर असेल तर बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा मागतात, आणि जुन्या घराचा तो बहुधा सापडत नाही. अशा वेळी शहरात फ्लॅट असलेले मामा किंवा आत्या तारण द्यायला तयार आहेत का, हे फेब्रुवारीतच विचारून घ्या. तारणाच्या फाइलला बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन लागतं. खरेदीखत, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती यांतला एक कागद कमी निघाला तरी पंधरा दिवस जातात. म्हणून मार्च म्हटलं.

खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज जास्त आणि काही जणांचे हप्ते शिकत असतानाच सुरू होतात. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: व्याज बदलतं आहे की स्थिर, शिकण्याच्या काळात किती भरायचं, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाखाली आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून तो नाही. कापला गेला तरी आयकर विवरणपत्रात वळता होतो. पैसे ज्याच्या पॅनवरून जातात त्याने विवरणपत्र भरायला हवं. शेतकरी वडील विवरणपत्र भरत नसतात, मग ते पैसे तसेच पडून राहतात.

शिष्यवृत्त्या बघायच्या त्या अशा: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची, अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची. या विभागाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे, तेव्हा चौकशीला मुंबईला जायची गरज नाही. सगळीकडे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच क्रमवारी पाहा, ऑफर आल्यावर पाहून उपयोग नाही.

टीबी, अर्ज, ठसे

टीबीची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करायची. नाशिकच्या कुठल्याही डॉक्टरांचा छातीचा एक्स-रे, कितीही स्पष्ट असला तरी, चालत नाही. मान्य केंद्रांची यादी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर आहे, मुंबईची केंद्रं तिथे सापडतील. पासपोर्ट मूळ न्यायचा. एक्स-रेत जुन्या आजाराचा डाग दिसला तर थुंकीची तपासणी करतात आणि तिचा निकाल यायला सुमारे दोन महिने लागतात. लहानपणी टीबी किंवा मोठा न्यूमोनिया झाला असेल तर जूनची वाट पाहू नका, एप्रिलमध्येच जा.

व्हिसाची फी २०२५ मध्ये ५२४ पौंड झाली. तिच्याबरोबर आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण १६-१७ महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड. दोन्ही मिळून दोन लाख रुपयांच्या वर जातात आणि ते अर्जाच्या क्षणी कार्डावरून कापले जातात. कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा.

ठसे आणि फोटोसाठी मुंबई किंवा पुण्याची वेळ घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये वेळा लवकर भरतात. व्हिसा आता ऑनलाइन असतो. यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाचं, खातं उघडून त्यात तुमचा पासपोर्ट जोडलेला आहे का, ते निघण्याआधी तपासा. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या कोर्सला जोडीदाराला सोबत नेता येत नाही, जानेवारी २०२४ पासून ती सोय बंद आहे.

बॅग आणि प्रवास

कुकर न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शन तळाचा, तीन लिटरचा. तिथल्या हॉस्टेलांत इंडक्शनच्या शेगड्या बऱ्याच असतात आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. जास्तीची रिंग आणि शिट्टी घ्या. तूप, पेढे, पनीर, मांसाचं काहीही नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये बाहेरून आणू देत नाहीत. मसाला, चिवडा, मनुके, पापड चालतात. चष्मा दोन, दातांची कामं इथेच उरकून, कारण तिथे डोळे आणि दात या अधिभारात मोफत होत नाहीत. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवायचे: पासपोर्ट, टीबीचं प्रमाणपत्र, ऑफर, सीएएसची प्रत, मार्कशीट.

नाशिकहून मुंबई विमानतळ पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ ला खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. पावसाळ्यात निघताना विमानाच्या नऊ तास आधी घर सोडा. २०२७ च्या सप्टेंबर इनटेकवाल्यांनी हे आताच टिपून ठेवावं: जाहीर वेळापत्रकानुसार सिंहस्थाची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबरला आहेत, म्हणजे नेमकी तुमच्या निघण्याच्या दिवसांत. त्या तारखांच्या आगेमागे शहरातून गाडी बाहेर काढणंच अवघड होईल. तिकीट पर्वण्यांच्या मधलं घ्या किंवा दोन दिवस आधी मुंबईत नातेवाइकांकडे जाऊन राहा.

पहिला महिना

उतरल्यावर क्रम असा: विद्यापीठात नोंदणी, मग जीपी म्हणजे जवळच्या दवाखान्यात नाव घालणं, मग विद्यापीठाच्या पत्रावर बँक खातं, मग कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीसारख्या कराच्या, सवलतीचं पत्र. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना हा कर माफ आहे. पण घरात एक जण जरी नोकरी करणारा असला तरी घराला बिल येतं, तेव्हा खोली घेताना बाकीचे कोण आहेत ते विचारा. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर एक पौंडही पाठवू नका. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि घरमालकाने ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायचं असतं. त्या योजनेचा मेल तुम्हाला आला पाहिजे.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी देताना पंखा सुरू आणि खोल्यांकडचं दार बंद. मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजला की सगळी इमारत रात्री थंडीत खाली उतरते, आणि वारंवार झालं तर दंड होतो. अलार्मच्या डबीवर पिशवी बांधणं हा तिथे गंभीर गुन्हा समजतात. उदबत्ती आणि निरांजन खोलीत बहुतेक ठिकाणी बंदच असतं. दिवाळीला सेलवरचा दिवा घेऊन जा.

शिकण्याच्या काळात काम आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. आठवडा सोमवार ते रविवार, सरासरी काढता येत नाही. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले तरी नियम मोडला. स्वयंरोजगार पूर्ण बंद, त्यात सायकलवरून जेवण पोहोचवणंही येतं, कारण त्या कंपन्या बहुतेकांना नोकर म्हणून ठेवत नाहीत. २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला एप्रिल २०२६ पासून तासाला किमान १२.७१ पौंड मिळायला हवेत. रोखीने आठ-नऊ पौंडांवर राबवून घेणारे भेटतात, आणि दुर्दैवाने त्यांतले काही आपल्याच देशाचे असतात. नोकरीसाठी लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाचा अर्ज मोफत आहे, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

मास्टर्सच्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत उन्हाळ्याची. वर्ग मेमध्ये संपतात, म्हणून सुट्टी लागली असं समजून मुलं ४० तास काम घेतात. पण जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळ आहे, तो शिकण्याचाच काळ धरतात आणि २० तासांची मर्यादा कायम राहते. सुट्टीच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्या.

अभ्यास १८० क्रेडिटचा: १२० विषयांचे, ६० प्रबंधाचे. एक क्रेडिट म्हणजे दहा तास. उत्तीर्ण ५० ला, मेरिट ६० ला, डिस्टिंक्शन ७० ला. घरी फोनवर ६४ सांगितले की आई-बाबा हिरमुसतात, तेव्हा ही मोजपट्टी त्यांना निघण्याआधीच समजावून ठेवा. ६४ हे चांगले गुण आहेत. पुस्तकातला किंवा नेटवरचा मजकूर संदर्भ न देता उतरवला तर थेट चौकशी होते. पैसे देऊन असाइनमेंट लिहून देणारे मेसेज पहिल्याच आठवड्यात येतील. अशी सेवा विकणं इंग्लंडमध्ये २०२२ पासून गुन्हा आहे, आणि ती घेणाऱ्याचा प्रवेश जाऊ शकतो.

शिकून झाल्यावर नोकरीसाठी थांबायचं तर ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, आधीचा व्हिसा संपायच्या आत करायचा, आणि कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यानंतरच. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना मास्टर्ससाठी दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहेत. कर्जाचे हप्ते किती महिन्यांनी सुरू होतात ते या १८ महिन्यांशेजारी मांडून, बँकेत सही करायच्या आधीच पाहा.